बारा जणं, एक डॉर्म आणि तिसरा चौकोन

परदेशात शिकणाऱ्या मुलीचं इन्स्टाग्राम बघून नातेवाइकांना एकच प्रश्न पडतो. ही शिकते कधी? माझंही तेच झालं. चार्ल्स ब्रिजवर बारा जण दात काढून उभे, मागे टेकडीवर किल्ला, वर राखाडी ढग... फोटो टाकला आणि अर्ध्या तासात मावशीचा आईला फोन. "मजा आहे बाई तुमच्या लेकीची!"

मजा होतीच. नाही कशाला म्हणू? पण त्या फोटोत एक जण हसत नाहीये. डावीकडून तिसरा, निळं जॅकेट. त्याच्या आतल्या खिशात घडी घातलेला एक हिरवट कागद आहे आणि दर दहा मिनिटांनी तो खिसा चाचपून बघतोय. त्या कागदासकट त्याला प्रागला आणलं होतं मी. जबरदस्ती वगैरे नव्हती केली. फक्त म्हटलं होतं, "बिनधास्त चल रे, काही होत नाही." आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो तसं. त्या वाक्याचं वजन किती असतं ते मला परतीच्या गाडीत कळलं.

पण ते नंतर. आधी टोळीची ओळख.

पुणे, नांदेड, कोल्हापूर वगैरे

मास कॉमची डिग्री, मग दीड वर्षाची नोकरी, मग "अजून शिकायला पाहिजे यार" असा झटका. असा सगळा रीतसर प्रवास करून २०२२मध्ये मी मास्टर्स करायला जर्मनीत पोचले. पूर्व जर्मनीतलं एक शहर. नाव सांगत नाही, कारण पुढे तिथल्या एका कचेरीबद्दल थोडं बोलायचंय.

होस्टेलच्या आमच्या मजल्यावर एकच किचन होतं आणि तिथे भारत भरायचा. संध्याकाळी सात वाजता चार कुकर. पहिल्या शिट्टीला एक जर्मन मुलगा हेडफोन काढून चक्क बाहेर पळाला होता, त्याला वाटलं काहीतरी फुटलं. महिन्याभरात तोच "टू मोअर व्हिसल्स" म्हणून डाळीची चौकशी करायला लागला.

इथे नावाने कुणी कुणाला हाक मारायचं नाही, गावाने मारायची. मी पुणे. (त्यावरचे सगळे जोक्स मी ऐकलेत, धन्यवाद.) कोल्हापूर, नाशिक, नागपूर आणि नांदेड हे आमचे, मग दिल्ली, गुंटूर, इंदूर, कोची... एकूण बारा. एकाच गावचे दोन जण आले की नंबर लागायचा. आमच्याकडे नाशिक वन आणि नाशिक टू होत्या आणि दोघींचं एकमेकींशी फारसं पटत नव्हतं.

आता परदेशातल्या ग्रुप ट्रिपबद्दल एक सांगते. ही ट्रिप फिरायच्या इच्छेवर ठरत नाही, एक्सेल शीटवर ठरते. शीट माझ्याकडे होती, कारण "पुणे, तू हिशोबाला बरी." ड्रेस्डेनपर्यंत ४९ युरोच्या महिन्याच्या तिकिटावर फुकटात जमत होतं, तिथून प्राग जाताना बसने, येताना रेल्वेने. आगाऊ बुकिंग केलं तर दोन्ही मिळून चाळीसेक युरो. हॉस्टेलवर बारा खाटांची अख्खी डॉर्म, दोन रात्रींचे ५४० युरो, म्हणजे माणशी ४५. ट्रामचा तीन दिवसांचा पास तेव्हा ३३० कोरुना होता, साधारण १३-१४ युरो. खाणंपिणं धरून दीडशेच्या आत बसत होतं.

दीडशे युरो म्हणजे घरच्यांसाठी साडेतेरा हजार रुपये. आमच्यासाठी तो आकडा तासांत असायचा. २०२३मध्ये जर्मनीत किमान वेतन तासाला १२ युरो होतं, म्हणजे गोदामात खोकी उचलण्याचे साडेबारा तास. विद्यार्थ्याला तेव्हा वर्षाला १२० पूर्ण दिवसच काम करायची परवानगी होती (मार्च २०२४पासून ती १४० झाली), त्यामुळे प्रत्येक तास मोजलेला. कुणी म्हणालं "आइस्क्रीम खाऊ या?" की गुंटूर हसत म्हणायचा, "ट्वेंटी मिनिट्स ऑफ बॉक्सेस!"

बुकिंग ऑगस्टमध्येच केलं, स्वस्त पडतं म्हणून. तारखा १७ ते १९ नोव्हेंबर. मी सगळं बघितलं होतं हो! लक्ष्मीपूजन १२ला, भाऊबीज १५ला, म्हणजे दिवाळी आटोपलेली. असाइनमेंटच्या डेडलाइन डिसेंबरात. शुक्रवारी लेक्चर नाही. एकच गोष्ट बघितली नाही. १९ नोव्हेंबर २०२३ला अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल होती.

१५ तारखेला सेमीफायनल. कोहलीचं पन्नासावं वनडे शतक, शमीच्या सात विकेट्स, किचनमध्ये दंगा. आणि मग अचानक कोल्हापूरने शांतपणे कॅलेंडर उघडलं. माझ्याकडे बघितलं. "पुणे... रविवारी आपण कुठं आहोत?" त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

माणशी चार युरो

नांदेडची गोष्ट वेगळी होती. तो आमच्यातला सगळ्यात गप्प. घर गहाण ठेवून एज्युकेशन लोन काढलेलं. शनिवार-रविवार गोदामात, बाकी दिवस लॅबमध्ये. वर्षभरात तो ड्रेस्डेनलासुद्धा कधी आला नव्हता. प्रागला हो म्हणाला तेव्हा सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं.

ऑक्टोबरात त्याचा रेसिडन्स परमिट संपला. तो वाढवायचा तर बँकेत वर्षभराच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. तेव्हा ती रक्कम महिन्याला ९३४ युरो, म्हणजे वर्षाला ११,२०८ होती (सप्टेंबर २०२४पासून ती ११,९०४ झाली). पैसे त्याने कसेबसे उभे केले, मुदत संपायच्या आत अर्जही केला. पण कचेरीची अपॉइंटमेंट मिळाली डिसेंबरातली! तोपर्यंत काय? तोपर्यंत एक कागद. त्याचं जर्मन नाव उच्चारायला आम्हाला महिना लागला : फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. नागपूर म्हणायचा, "काहून बे, हा कागद आहे की वऱ्हाडी शिवी?"

कागदाचं नाव फिक्शनवरून आलंय हे खरं आहे. तुमच्याकडे परवाना आहे असं कायद्याने मानून चालायचं. आत तीन चौकोन असतात, त्यातल्या एकावर खूण केलेली असते. पहिल्या दोनांपैकी एकावर असेल तर जर्मनीत राहा, पण देशाबाहेर पडलात तर त्या कागदावर परत येता येत नाही. तिसऱ्यावर असेल, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कायद्यातलं कलम ८१, उपकलम ४, तर जुना परवाना अजून चालू आहे असं धरतात. मग पासपोर्ट, संपलेलं कार्ड आणि तो कागद असे तिन्ही जवळ ठेवून जाऊन परत येता येतं.

हे सगळं मी आज लिहितेय एवढं मला तेव्हा माहीत होतं? छे!

निघायच्या आधीच्या रविवारी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, किचनमध्ये त्याने मला विचारलं. मी आईने पाठवलेल्या चकल्या वाटत होते. "पुणे, माझा तसला कागद आहे. कचेरीला मेल केला, उत्तर नाही. येऊ का नको?"

त्याने अजून डॉर्मचे पैसे दिले नव्हते, पगार झाला की देणार होता. तो गळला तर ५४० भागिले अकरा. उणेपुरे ४९. म्हणजे माणशी चार युरो जास्त, आणि ते मला अकरा जणांना समजावून सांगायचं होतं, त्यात नाशिक वन आणि टू. हे सगळं माझ्या डोक्यात दोन सेकंदात होऊन गेलं. त्याने कागद पुढे केला. माझे हात तेलकट होते.

"बिनधास्त चल रे. काही होत नाही. मी वाचलंय त्याच्याबद्दल."

वाचलं काहीच नव्हतं. कुणाच्या तरी सीनियरचं काही झालं नव्हतं एवढं ऐकलं होतं.

गणपती विसर्जन आहे का?

शुक्रवारी दुपारी फ्लोरेन्सच्या बस स्टँडवर उतरलो. जाताना सीमेवर कुणी विचारलंसुद्धा नाही. नुसता एक निळा बोर्ड मागे पडला आणि फोनवर नेटवर्कचं नाव बदललं. नांदेडने खिडकीतून मागे वळून बघितलं ते माझ्या लक्षात आहे.

हॉस्टेलवर सॅक टाकून जुन्या गावाकडे निघालो तर नारोद्नी नावाच्या रस्त्यावर ही गर्दी! लहान मुलं खांद्यावर, म्हाताऱ्या बायका, कॉलेजची पोरं, आणि जमिनीवर शेकडो मेणबत्त्या. कोल्हापूर म्हणाला, "विसर्जन आहे काय?" (तो बोलला म्हणून मला फार आनंद झाला.)

१७ नोव्हेंबर हा चेक लोकांचा सुट्टीचा दिवस आहे हे आम्हा बारा उच्चशिक्षितांपैकी एकालाही माहीत नव्हतं. आणि तो दिवस चक्क विद्यार्थ्यांचा! १९३९मध्ये नाझींच्या ताब्यातल्या प्रागमध्ये निदर्शनं झाली. यान ओप्लेताल नावाचा मेडिकलचा विद्यार्थी गोळी लागून गेला. त्याच्या अंत्ययात्रेला विद्यार्थी उसळले, तेव्हा १७ नोव्हेंबरला नाझींनी नऊ जणांना ठार केलं, बाराशेहून अधिक विद्यार्थ्यांना छळछावणीत धाडलं आणि चेक विद्यापीठं बंद करून टाकली. त्या घटनेला पन्नास वर्षं झाली म्हणून १९८९मध्ये त्याच तारखेला विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला. तो याच नारोद्नी रस्त्यावर पोलिसांनी अडवला आणि बेदम मारलं. तिथून जे पेटलं त्यात कम्युनिस्ट राजवट गेली. २९ डिसेंबरला वाक्लाव हावेल हा नाटककार राष्ट्राध्यक्ष झाला. सहा आठवड्यांत!

एका कमानीखाली भिंतीवर ब्राँझचे हात आहेत, काही दोन बोटांचा व्ही करणारे, आणि खाली तारीख. लोक रांगेने येऊन तिथे मेणबत्ती लावत होते. नाशिक टूच्या सॅकमध्ये दिवाळीच्या उरलेल्या टी-लाइट निघाल्या. पेटवायला काही नव्हतं. शेजारच्या पन्नाशीच्या बाईंनी लायटर दिला. तुम्ही कुठून, काय शिकता वगैरे झालं. मग नागपूरने विचारलं की तेव्हा तुम्ही इथे होता का. त्या म्हणाल्या, "नाही. माझ्या आईने मला कोंडून ठेवलं होतं." एवढंच म्हणाल्या आणि लायटर पर्समध्ये टाकून गेल्या.

मी एवढे फीचर्स लिहिलेत, पण मला असं वाक्य मिळवता आलेलं नाही. त्या बाईंचं नाव विचारायचंही सुचलं नाही. मास कॉमच्या आमच्या सरांनी कान उपटले असते.

दुसऱ्या दिवशी वाक्लाव चौकात, नॅशनल म्युझियमच्या समोर, फुटपाथमधून वर आलेला एक क्रॉस बघितला. जमीन उचलून खालून कुणीतरी हात वर करावा तसा. यान पालाखने १९६९च्या जानेवारीत सोव्हिएत आक्रमणानंतरच्या मरगळीविरुद्ध इथे स्वतःला पेटवून घेतलं. वय वर्षं वीस. आम्ही सगळे त्याच्यापेक्षा मोठे होतो. दहा मिनिटांपूर्वी ज्यांच्यात कोणत्या ॲपवर कोणी किती पैसे टाकले यावरून वाजलं होतं त्या दोन्ही नाशिक तिथे एकमेकींच्या शेजारी उभ्या होत्या.

बाटा आपलाच ना?

शनिवार हा टुरिस्टी दिवस. टाउन हॉलवरचं ते प्रसिद्ध घड्याळ १४१० सालचं आहे. दर तासाला दोन खिडक्या उघडतात, बारा प्रेषित फिरतात, कोंबडा आरवतो, संपलं. एक मिनिटही नाही. हजारभर लोक फोन वर धरून उभे, आणि झाल्यावर सगळ्यांच्या तोंडावर "एवढंच?" मला स्वतःला घड्याळापेक्षा त्याच्या शेजारी फरशीत बसवलेले २७ पांढरे क्रॉस जास्त आवडले. १६२१मध्ये हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्ध बंड करणाऱ्या २७ जणांना इथे मारलं होतं. त्यावर पाय ठेवूनच लोक घड्याळ बघत असतात.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी मंडळींना तळलेल्या चीजने तारलं. पावाच्या चुऱ्यात घोळवलेला जाड तुकडा, सोबत बटाटे. क्नेडलिकी नावाचे उकडलेले गोळे कापून ग्रेव्हीबरोबर देतात, ते म्हणजे इडलीचा दूरचा चुलतभाऊ, स्वभावाने जरा जड. आणि कोपऱ्याकोपऱ्यावर साखरेत घोळवलेली ती धुरकांड्यासारखी पोकळ रोटी मिळते ना, 'जुनी बोहेमियन परंपरा' असं पाटीवर लिहिलेली? ती प्रागची परंपरा वगैरे काही नाही, टुरिस्टांमुळे गेल्या काही वर्षांत बोकाळलीय. चवीला बरी आहे. पण पंचवीस मिनिटं खोकी उचलण्याइतकी नाही.

इंदूरने जुन्या गावातल्या एका दुकानात शंभर युरो बदलले. शंभराचे साधारण २,४०० कोरुना यायला हवेत, त्याला मिळाले जेमतेम सोळाशे. बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेला भाव फक्त मोठ्या रकमेसाठी होता म्हणे. पोरगं रडायच्या बेताला आलं. इथे कोची कामाला आली. तिने कुठेतरी वाचलं होतं की २०१९पासून चेक कायद्यानुसार हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत फुकटात रद्द करता येतो. पावती दाखवायची, बस. सगळे बारा जण त्या काउंटरसमोर जाऊन उभे राहिलो. बाई एक शब्द न बोलता शंभरची नोट परत देऊन मोकळी! तुम्ही जाल तेव्हा पावती जपून ठेवा. आणि खरं तर रोख बदलूच नका, कार्ड जवळपास सगळीकडे चालतं.

वाक्लाव चौकातच एक उंच काचेची इमारत आहे आणि तिच्यावर लाल अक्षरात बाटा! कोल्हापूरला धक्काच बसला. "आपला बाटा? इथं?" आता आपल्यापैकी निम्म्यांना बाटा भारतीयच वाटतो. शाळेच्या पहिल्या दिवशीचे काळे बूट, दुकानात त्या स्टुलावर बसून पाय मापणारे काका... तो आपला नसेल कसा? पण कंपनी १८९४मध्ये झ्लिन नावाच्या चेक गावात सुरू झाली. प्रागची ही इमारत १९२९ची, आणि कोलकात्याजवळचं बाटानगर त्यानंतर. सगळ्यांनी दारात फोटो काढला. खरेदी कुणीच केली नाही.

संध्याकाळी नदीकाठी दिल्लीने निर्मल वर्मांबद्दल सांगितलं. हिंदीतला हा मोठा लेखक १९५९मध्ये प्रागला आला, बरीच वर्षं राहिला, चेक शिकून चेक लेखक हिंदीत आणले. त्यांची 'वे दिन' ही १९६४ची कादंबरी प्रागमधल्या एका भारतीय विद्यार्थ्याची आहे. ख्रिसमसची सुट्टी, थंडी, खिशात पैसे नाहीत. दिल्ली म्हणाला, "साठ साल हो गए, कुछ नहीं बदला!" नांदेड हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा. मग त्याने खिसा चाचपला.

४७ वर ३

रविवारी सकाळी साडेनऊला मॅच. चेकआउट करून हॉस्टेलच्या लॉबीत एका लॅपटॉपभोवती बारा जण. रोहितने सुरुवात झकास केली, मग हेडने तो कॅच घेतला आणि कोल्हापूर भिंतीकडे तोंड करून बसला. कोहली ५४, राहुल ६६, सगळे मिळून २४०. किल्ला बघायचा राहिला तो राहिलाच. खोटं कशाला बोलू, प्रागचा किल्ला मी आजपर्यंत आतून बघितलेला नाही.

गाडी सुटली तेव्हा ऑस्ट्रेलिया ४७ वर ३. डब्यात नुसता जल्लोष! समोरच्या चेक आजोबांनाही कोचीने नियम समजावून टाकले. उजव्या हाताला नदी, आधी व्लताव्हा, मग एल्बे. जसजसं वर जाल तसतसे दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात. दिवस चार वाजताच मावळायला लागलेला. आणि हेड आणि लाबुशेन काही आउट होईनात. दरीत नेटवर्क जायचं, परत यायचं, आल्यावर दहा रन वाढलेले असायचे.

देचिन गेलं. मग दोन जर्मन पोलिस डब्यात शिरले.

हे आम्हाला माहीत असायला हवं होतं. महिनाभर आधीच, १६ ऑक्टोबरपासून, जर्मनीने चेक सीमेवर तपासणी सुरू केली होती. शेंगेनमध्ये सीमाच नसते, असं सगळ्यांना छातीठोकपणे सांगणारी मीच होते.

पासपोर्ट, कार्ड. पासपोर्ट, कार्ड. प्रत्येकाचं पाच सेकंदात. नांदेडने पासपोर्ट दिला, संपलेलं कार्ड दिलं आणि घडी उलगडून तो कागद दिला. हात थरथरत होता. पोलिस वयाने आमच्याएवढाच. त्याने कागद वाचला, उलटा केला, परत वाचला. दुसऱ्याला बोलावलं. दोघं डब्याच्या टोकाला गेले, एक जण फोनवर बोलायला लागला. नांदेडचा पासपोर्ट त्यांच्याकडे.

मी मोबाइलवर "कलम ८१" टाइप करत होते. पान उघडेना. दरी. एक रेघ नेटवर्क, तीही जाऊन-येऊन. माझ्या डोक्यात काय काय आलं... त्याला खाली उतरवलं तर? देचिनला परत पाठवलं तर? रात्री कुठे राहील, व्हिसा पुन्हा भारतातून काढावा लागला तर, सेमिस्टर गेलं तर, ते गहाण घर. आणि या सगळ्याच्या खाली शीटमधला तो आकडा. चार.

तेवढ्यात मी वर बघितलं तर कोल्हापूरने फोन टेबलावर पालथा टाकला होता. ज्या मॅचसाठी तो माझ्याशी दोन दिवस अबोला धरून होता, ती मॅच चालू होती आणि फोन पालथा! तो उठून नांदेडच्या शेजारी जाऊन बसला. मग गुंटूर. मग सगळेच उठले आणि त्या पोलिसाने लांबूनच हाताने 'बसा बसा' केलं. कुणी काही बोलत नव्हतं. आजोबांनी आपली पिशवी उघडून नांदेडला एक सफरचंद दिलं, ते त्याने हातात तसंच धरून ठेवलं.

किती वेळ गेला? नाशिक वन म्हणते चार मिनिटं. मला विचाराल तर एक अख्खं सेमिस्टर.

पोलिस परत आला तेव्हा कागद उघडाच होता आणि तेव्हा मी तो पहिल्यांदा वाचला. उलट्या बाजूने, त्याच्या हातातला. तीन चौकोन. तिसऱ्यात फुली.

"आलेस गूट," तो म्हणाला आणि पुढच्या बाकावर गेला.

बाड शांडाऊ आलं, गेलं. कुणीतरी फोन सुलटा केला. ड्रेस्डेनच्या प्लॅटफॉर्मवर उतरलो तेव्हा सगळं संपलं होतं. सहा विकेट्सने. कोल्हापूर एका खांबाला टेकून उभा, कुणाशी बोलायच्या मनःस्थितीत नाही. बाकीचे लोकल शोधत होते. नांदेड माझ्याजवळ आला. सफरचंद अजून हातात.

"पुणे, तू ते वाचलं होतंस ना गं?"

"हो रे," मी म्हटलं.

तो मान हलवून पुढे गेला. चार दिवसांनी त्याने डॉर्मचे ४५ युरो पाठवले. डिसेंबरात त्याला नवीन कार्ड मिळालं. मी डिग्री घेऊन परत आले, तो तिकडेच राहिला. आता श्टुटगार्टजवळ नोकरी करतो, लोनचा शेवटचा हप्ता गेल्या वर्षी फेडला.

हा लेख लिहायच्या आधी त्याला फोन केला. छापायचं तर विचारायला हवं, आणि दुसरंही एक सांगायचं होतं. "काय लिहूलालीस गं?" म्हणाला. मी सांगितलं सगळं. चार युरो, तेलकट हात, न वाचलेला कागद. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग तो हसायलाच लागला.

"मला म्हाईत होतं की. मी वाचला होता तो कागद. डिक्शनरी घेऊन, दोन रात्री बसून. तिसरा चौकोन."

"मग मला कशाला विचारलंस? आणि मग घाबरलास कशाला एवढा?"

"चौकोन मला म्हाईत होता. पोलिसाला म्हाईत आहे का, ते कुठं म्हाईत होतं? आणि तुला विचारलं ते..." तो जरा थांबला. "कुणीतरी चल म्हणावं ना गं."

मग म्हणाला, आता फोन ठेव, कुकर लावलाय.